निम्म्यांना सुई

मांडवीत उतरलात की आधी नाकाला कळतं. सप्टेंबर १८९६ चा शेवटचा आठवडा आहे. पाऊस ओसरलाय, पण वखारींच्या गल्ल्या अजून ओल्या आहेत. पोत्यांत भिजून फुगलेल्या धान्याचा आंबूस दर्प, उघड्या गटारांचा दर्प, आणि दोन्हींवर ओतलेल्या कार्बोलिकचा झणझणीत वास. बंदर हाकेच्या अंतरावर. बैलगाड्या दाटीवाटीने उभ्या, पेढ्या उघड्या, हमाल पोती पाठीवर घेऊन फळीवरून वर चढतायत. वरवर पाहता धंदा चालू आहे.

साताऱ्याकडचा एक हमाल पाणी प्यायला थांबतो आणि तुमच्या कपड्यांकडे खालपासून वरपर्यंत बघतो. "पावनं, हितं लई येळ थांबू नगा," तो म्हणतो. "उंदरं पडत्यात. जिवंत असतंय ते बी झिंगल्यावानी चालतंय, मानसाला भेत न्हाई. मंग आठ-धा दिसांत मालकाच्या घरात कुनीतरी तापानं निजतंय." पोतं पाठीवर टाकून तो गेला. तेवढ्यात तुमच्या घोट्याला काहीतरी चावलं. तुम्ही खाजवून पुढे निघालात.

हमालाने जे सांगितलं ते सरकारी शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला आणखी जवळपास दहा वर्षं लागणार आहेत. तूर्त गल्लीत ज्याची चर्चा आहे तो माणूस वेगळाच. डॉ. अकासियो व्हिएगस, गोव्यातल्या हडफड्याचे, दवाखाना मांडवीतच. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या जांघेत आणि काखेत सुजलेल्या गाठी त्यांनी पाहिल्या, आणि २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीत उभं राहून हा गाठीचा प्लेग आहे असं सांगून टाकलं. सांगणं सोपं नव्हतं. प्लेग म्हटला की मुंबईच्या जहाजांना जगातली बंदरं दारं लावणार, कापूस गोदीत कुजणार. शिवाय हे डॉक्टर बोलले ते नाडी, ताप आणि गाठ यांच्या बळावर. मुंबईत जंतू अजून कोणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला नव्हता. पुढे याच व्हिएगसांनी हजारो लोकांना टोचलं, ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. आज धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्याकडे मान वर करून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता शहरभर हिंडा. समुद्राचं पाणी पंपाने गटारांत सोडलं जातंय, त्यात कार्बोलिक. भिंतींना चुना. चाळीतल्या खोल्यांची कौलं काढलीत, का तर ऊन आत यावं. रोग्याच्या गोधड्या, चटया, पाळणे रस्त्यावर आणून पेटवलेत. काही दारांवर इंग्रजी अक्षरं रंगवलेली दिसतात, अर्थ असा की हे घर माणसांच्या राहण्यालायक नाही. एवढ्या सगळ्या खटाटोपाने फरक पडतोय का, हे कशावरून ठरवायचं? एका गल्लीत औषध ओतलं आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या गल्लीत ओतलं नाही, मग दोन्हीकडची मयतं मोजली, असं करताना तुम्हाला कोणी दिसत नाही. उलट गटारं धुवायला लागली की तिथले उंदीर बिचारे कोरड्या घरांत शिरतात. रोग पुढच्या आळीत गेला की तिथेही गटारं धुतात.

लोकांना याची शिसारी येते ती वेगळ्या कारणाने. रोगी सापडला की त्याला उचलून आर्थर रोडच्या हॉस्पिटलात न्यायचं, आणि तिथून माणूस परत येत नाही अशी बोलवा. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव त्या हॉस्पिटलावर चालून गेला. त्या दिवशी आर्थर रोडला उभे राहू नका. दुसऱ्या दिवशी बोरीबंदरला जा आणि फलाटावर पाय ठेवायला जागा मिळते का बघा. ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांची पाटी, कडेवरचं पोर. साडेआठ लाखांच्या घरातली ही मुंबई फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी रिकामी होणार आहे. रत्नागिरी, सातारा, पुणे, काठेवाड, जिकडे ज्याचं गाव तिकडे तो जाणार, आणि कुणाकुणाबरोबर रोगही.

या सगळ्या गलक्यात एक जागा शांत आहे. भायखळ्याला, जे. जे. हॉस्पिटलाच्या आवारात, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये. एक खोली आणि तिच्या बाहेरचा बोळ. सरकारने दिलेली माणसं चार: एक कारकून आणि तीन पट्टेवाले. पट्टेवाल्यांनी आजवर काचेचं भांडं धुतलं असेल तर घरातल्या चिमणीचं. ज्याच्या हाताखाली ते काम करतात तो साहेबही धड साहेब नाही. वाल्डेमार हाफकिन, वय ३६, जन्म ओडेसाचा, जातीने ज्यू, शिक्षण मेच्निकोव्हच्या हाताखाली, नंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी ग्रंथालयात आणि मग प्रयोगशाळेत. इंग्रजी बोलतो, पण ती त्याची भाषा नव्हे. ७ ऑक्टोबरला तो कलकत्त्याहून आला. त्याआधी तीन वर्षं हिंदुस्थानभर फिरून पटकीची लस टोचत होता.

आत या, पण टेबलाला धक्का लावू नका. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. रोग्याच्या गाठीतून काढलेल्या थेंबात आखूड, गोलसर टोकांच्या काड्या दिसतील. रंग दिल्यावर दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला येर्सिनने पकडलेला हाच तो जंतू. म्हणजे आरोपीची ओळख पटलेली आहे. तो माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र ठाऊक नाही. हवेतून, मातीतून, धान्यातून, अनवाणी पायाच्या भेगेतून, जितकी तोंडं तितकी मतं. हाफकिन त्या वादात पडत नाही. वाट माहीत नसली तरी घराचं दार बंद करता येतं का, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

दार बंद करायला लागणारं सामान बघा. फडताळात ओळीने काचेचे चंबू ठेवलेत. त्यांत मटणाचं आळणी पाणी. गोमांस चालणार नाही, डुकराचं तर त्याहून नाही, म्हणून बकऱ्याचं; मांस आम्लात विरघळवून, आम्ल मारून, गाळून, नितळ केलेलं. त्यात प्लेगचे जंतू सोडले की ते वाढतात, पण म्हणावे तसे नाहीत. या जंतूला हवा लागते, आणि पृष्ठभागावर टेकायला काहीतरी लागतं. हाफकिनने त्याला तूप दिलं. खरंच तूप: पातळ केलेल्या तुपाचे थेंब पाण्यावर सोडायचे, ते तरंगतात, आणि जंतू त्यांच्या खालच्या अंगाला चिकटून वाढू लागतात. (कधी तुपाऐवजी खोबरेल. कोकणी वाचकांनी याचा हवा तितका अभिमान बाळगावा.)

पट्टेवाला कंदील वर धरतो. उजेडाकडे चंबू धरून तुम्ही खालून बघा. तुपाच्या प्रत्येक थेंबाखाली पांढरट धागे लोंबतायत, गुहेच्या छतातून चुनखडीचे सुळे उतरावेत तसे, काही बोटभर लांब. मधलं पाणी एकदम नितळ. हे लोंबकळणं ही प्लेगच्या जंतूची खूण आहे. दुसरा कुठला जंतू शिरला तर पाणी गढूळ होतं, धागे धरत नाहीत, आणि तो चंबू बाद. आता हाफकिन चंबूला बोटाने हलकासा झटका देतो. धागे एकदम तुटतात आणि सावकाश तळाला जाऊन बसतात. तूप मोकळं झालं, नवं पीक धरायला तयार. काही दिवसांनी पुन्हा झटका, पुन्हा पीक. असं सुमारे सहा आठवडे. मधेच धक्का लागला तर धागे वेळेआधीच झडतात. हवामानाचं म्हणाल तर या जंतूला तिशीच्या आतबाहेरची ऊब मानवते. मुंबई त्याला ती फुकट देते.

शेवटी चंबूत दोन गोष्टी जमतात: तळाला जंतूंचा लगदा आणि वर त्यांनी सोडलेल्या विषांचं पाणी. हाफकिनला दोन्ही हवेत. जंतूंच्या देहामुळे रोग होण्याचं टळेल, विषामुळे झालाच तर प्राण वाचतील, असा त्याचा कयास. मग चंबू सत्तर अंशांवर तासभर तापवायचा म्हणजे जंतू मरतात, आणि राखण म्हणून कार्बोलिकचा अंश घालायचा. रस्त्यावर बादल्यांनी ओततात तेच कार्बोलिक इथे थेंबाथेंबाने मापून पडतं.

काम सोपं नव्हतं. पट्टेवाल्यांपैकी एकाच्या मनावर ताण येऊन तो कोसळला, बाकी दोघं सोडून जायच्या बेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? बाहेर माणसं पटापट मरतायत आणि इथे महिना काही रुपयांवर तोच रोग बाटलीत भरून सांभाळायचा. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. डिसेंबरात ससे टोचून पाहिले, मग त्यांना जिवंत जंतू दिले. ससे जगले.

१० जानेवारी १८९७. तुम्ही त्या संध्याकाळी खोलीत असाल तर कोपऱ्यात गप्प उभे राहा, कारण ही गोष्ट बाहेर कळू द्यायची नाही असं ठरलंय. हाफकिन कोट काढून ठेवतो. पिचकारी कॉलेजमधल्या डॉ. सर्व्हेयर यांच्या हातात. तिच्यात दहा घन सेंटिमीटर लस आहे. पुढे लोकांना जी मात्रा देणार तिच्या तिप्पट-चौपट. सुई आत जाते आणि पिचकारी रिकामी व्हायला बराच वेळ लागतो. रात्री ताप चढतो, टोचल्या जागी ठणका लागतो. हे त्याला नवं नाही. पटकीची लसही साडेचार वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये त्याने आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. बरा झाल्यावर त्याने कॉलेजातल्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना सगळं सांगितलं, आणि स्वयंसेवक पुढे आले.

या प्रसंगाची शूरकथा होते आणि ती व्हावीच. पण एका माणसाने टोचून घेतलं आणि तो मेला नाही, यावरून एवढंच कळतं की लस मारत नाही. ती वाचवते का, हे कळायला दुसरं काहीतरी लागतं.

ते भायखळ्याच्या तुरुंगात मिळालं. जानेवारीच्या शेवटी तुरुंगात प्लेग शिरला. भिंतीआड तीनशेच्या वर कैदी. जेवण एक, पाणी एक, काम एक, झोपायची फरशी एक. ३० जानेवारीला हाफकिन पिचकाऱ्या घेऊन आत गेला. जे तयार झाले त्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्या अंगात गाठी उठलेल्या होत्या त्या तिघांना हिशेबातून वेगळं काढलं, कारण लस लागू पडण्याआधीच रोग त्यांच्यात होता. पुढच्या दिवसांत न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्या १४७ पैकी दोघांना झाला आणि दोघेही जगले.

कैद्यांनी आपणहून हात पुढे केला असं कागदावर आहे. तुरुंगात आपणहून म्हणजे किती, हे तुम्हीच ठरवा. गजाआडच्या माणसाला जेलर समोर उभा असताना नाही म्हणायची मुभा कितपत असते याबद्दल मला शंका आहे. पण हेही खरं की ज्यांनी नकार दिला त्यांना कोणी दामटून टोचलं नाही. त्याच महिन्यांत बाहेर माणसांच्या घरांत जे चाललं होतं त्यापेक्षा तुरुंगातली रीत अधिक सभ्य होती, असं म्हणायची पाळी येते.

पुण्याची हकीकत तुम्हाला पाठ आहे, तिथे फार रेंगाळू नका. रँडसाहेबाची कमिटी, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली ती रात्र. एकच थांबा घ्या: १० मार्च. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. भायखळ्याचे आकडे तोवर सव्वा महिन्याचे जुने झाले होते.

आता बडोदा संस्थानात चला, उंढेरा नावाच्या गावी. फेब्रुवारी १८९८. चिंच असेल तिच्या सावलीला बसा, कारण काम दिवसभर चालणार आहे. तुरुंगातल्या आकड्यांवर लोक म्हणाले होते की ज्यांना टोचलं ते मुळातच धडधाकट असतील, घाबरट आणि रोगट मागे राहिले असतील. हाफकिन आणि सर्जन-मेजर बॅनरमन यांनी हा आक्षेप मनावर घेतला. गावची खानेसुमारी करून एकेक कुटुंब समोर बोलावलं. घरात चौघं असतील तर दोघं टोचायचे, दोघं सोडायचे. दोन्ही गटांत म्हातारे, पोरं, बाया, बापे, धडधाकट आणि मरतुकडे सारखे पडतील असं बघायचं.

समोर एक घर उभं आहे. बाप, आई, थोरला, धाकटी. साहेब वहीत बघतो आणि बोटाने दाखवतो: हा, आणि ही. थोरला बाही वर करतो. आई पदर सारखा करते, हात पुढे करते. बाप आणि धाकटी बाजूला उभे. धाकटीला सुई नको होती, तिला सुटल्याचा आनंद आहे. पुढचं घर.

काही आठवड्यांनी मोजणी झाली. ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्या घरांतली माणसं घेतली. टोचलेली ७१ होती. त्यांतल्या ८ जणांना रोग झाला, ३ मेले. न टोचलेली ६४ होती. २७ जणांना झाला आणि त्यांतले २६ मेले. न टोचलेल्यांच्या प्रमाणात टोचलेले मेले असते तर तीनऐवजी अठ्ठावीस-एकोणतीस मेले असते. तेच घर, तीच चूल, तेच उंदीर. आता कोणाला काही बोलायला जागा उरली नाही.

पण हा पुरावा सव्वीस माणसांचा आहे. हाफकिनला लस लागू पडते हे भायखळ्याला पुरेसं कळलं होतं, मग उंढेऱ्यात निम्म्यांना का सोडलं, असं विचारणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. माझं उत्तर हो आणि नाही यांच्या मध्ये कुठेतरी अडकतं. त्या वर्षी सगळ्या हिंदुस्थानात कौलं निघत होती, सामान जळत होतं, माणसं छावण्यांत कोंबली जात होती. या उपायांनी कोणी वाचलं की नाही हे दाखवणारा असा एक तक्ताही कोणी पुढे ठेवला नाही. उंढेऱ्याची वही निर्दय आहे, पण तिच्यात प्रत्येक मेलेला माणूस नोंदलेला आहे आणि त्याच्या मरण्यातून काहीतरी नक्की कळलं आहे. धाकटी कुठल्या आकड्यात गेली, हे वही सांगत नाही.

लशीला मागणी आली तशी जागा अपुरी पडू लागली. खोजा समाजात तरुण आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं आणि हजारोंना टोचायला लावलं, जागाही दिली. अखेर १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्रयोगशाळा उघडली. पोर्तुगीजांच्या काळचं चर्च, मग लाटसाहेबांचं निवासस्थान, आता तिथल्या उंच छताखाली तुपाचे चंबू. ही वास्तू तुम्ही पाहिली आहे. आचार्य दोंदे मार्गाने जाताना केईएमच्या जवळ तीच हाफकिन इन्स्टिट्यूट.

पुढचा थांबा लांबचा आहे: पंजाब, मलकोवाल गाव, ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबने लशीची प्रचंड मागणी केली होती, म्हणून परळमध्ये बनवण्याची पद्धत बदलून वेग वाढवला. या पद्धतीत कार्बोलिक घालत नसत. धुळीत टेबल मांडलंय, लोक रांगेत. एकेक बाटली उघडून टोचणं चाललंय. मदतनीस चिमट्याने बूच काढतोय आणि चिमटा हातातून निसटून जमिनीवर पडतो. तो उचलतो, कार्बोलिकमध्ये बुडवल्यासारखं करतो आणि त्याच चिमट्याने पुढची बाटली उघडतो. तुम्ही पाहिलंत. आणखी कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

पाच बाटल्यांतून १०७ माणसांना टोचलं. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले, आणि सगळेच्या सगळे ५३-एन या एकाच बाटलीतले. बाकी ८८ जणांना काही झालं नाही. आकडे इतके स्वच्छ क्वचितच मिळतात. प्रश्न एवढाच की धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे, परळला की मलकोवालला. चौकशी समितीने परळवर बोट ठेवलं, कार्बोलिक वगळल्याचं कारण पुढे झालं, आणि हाफकिनला कामावरून दूर केलं. चिमट्याची गोष्ट बराच काळ दबून राहिली. परळहून निघालेल्या बाटलीत ते जंतू इतके दिवस वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. उघडताना वेगळा वास आला नव्हता, ही बाबही होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्याला निर्दोष म्हटलं. तो परत आला, पण परळला नाही, कलकत्त्याला. मोजण्यावर आयुष्य उभं केलेल्या माणसाला पाच बाटल्यांचा साधा हिशेब चौकशी करणाऱ्यांनी नीट न वाचल्यामुळे पाच वर्षं घालवावी लागली, हे मला मलकोवालच्या एकोणीस मृत्यूंनंतरचं सर्वांत वाईट वाटतं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं. १९३० मध्ये लोझानला तो वारला.

आणि जंतू माणसापर्यंत कुठल्या वाटेने येतो, तो प्रश्न? फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने कराचीत २ जून १८९८ लाच दाखवून दिलं होतं की मेलेल्या उंदराच्या अंगावरून पिसू उडते आणि रोग घेऊन जाते. मांडवीत तुमच्या घोट्याला काय चावलं होतं ते आता कळलं ना? सिमाँला बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. परळला मात्र ग्लेन लिस्टन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ती गोष्ट विसरला नाही. प्लेग झालेल्या घरात त्याने गिनी पिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या, आणि गिनी पिग प्लेगने मेले.

१९०५ नंतर प्लेग कमिशन परळच्या आवारात हे काम तपशिलाने करतंय. आवारात छोट्या छोट्या खोल्या बांधल्यात, मुंबईतल्या झोपड्यांसारख्या. एका खोलीत या. उंदीर प्लेगने मेलेत आणि पिसवा उपाशी आहेत, तेव्हा पायजमा मोज्यात खोचा. दोन पिंजरे लटकतायत. एक जमिनीपासून दोन इंच वर, दुसरा दोन फूट. खालच्यातला प्राणी आजारी पडेल, वरच्यातला ठणठणीत राहील. हवा दोघांना एकच, म्हणजे हवेचा वाद संपला.

पुढच्या खोलीत पिंजरे जमिनीवरच आहेत. एकाभोवती सहा इंच रुंद चिकट कागदाचा पट्टा, दुसऱ्याभोवती तेवढ्याच रुंदीचा वाळूचा. पिसवेची उडी चारपाच इंचांची. कागदावर आली की चिकटते, वाळूवरून मात्र दुसरी उडी मारून पलीकडे जाते. रोज सकाळी कागदावरच्या पिसवा चिमट्याने काढायच्या, उंदराच्या, मांजराच्या, माणसाच्या अशा वेगळ्या करायच्या, एकेकीचं पोट फोडून काचेवर पसरायचं. उंदरांच्या पिसवांत ती दोन्ही टोकांनी गडद काडी वारंवार सापडते, बाकीच्यांत क्वचित.

तुम्ही नीट बघायला वाकता, आणि पाठीमागून मदतनीस ओरडतो, "अहो, पाय सांभाळा! कागदावर पडलात तर रात्रीची सगळी मोजणी बाद होईल!"